दाराच्या चौकटीवरची फुली

नर्सबाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांना सल्ला द्यायला जितकी माणसं आली, तितकी त्या आजारी असताना कधी आली नव्हती. एका खासगी हॉस्पिटलात बत्तीस वर्षं काढून हातात एकरकमी पैसे आले होते आणि ही बातमी कशी कोण जाणे सगळीकडे पोचली होती. कोणी म्हणे सोनं घ्या, कोणी म्हणे बँकेत ठेवा. एक चुलतदीर तर आपल्या बंद पडलेल्या दुकानात भागीदार व्हा म्हणून दोनदा येऊन चहा पिऊन गेले. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा दिला आणि कोणाचंच केलं नाही.

त्यांचं स्वतःचं आधीच ठरलं होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक लांबच्या गावी संसारात होती, आणि पेन्शन नावाची गोष्ट त्यांच्या हॉस्पिटलात कोणालाच मिळत नसे. राहायला दोन खोल्यांचं जुनं घर होतं. आलेल्या पैशातून एक लहानसा फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, एवढा साधा हिशोब. साधा, पण दुसऱ्यांदा मांडता न येणारा. साठीच्या उंबरठ्यावर घर चुकलं तर पुन्हा बत्तीस वर्षं कुठून आणायची?

सल्ला त्यांनी एकाच माणसाला मागितला, थोरल्या भावाला. भाऊ रंगारी होता. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या घरात सकाळी आठला शिरायचं आणि संध्याकाळी अंगभर रंगाचे शिंतोडे घेऊन बाहेर पडायचं, हा त्याचा धंदा. सगळं शहर नर्सबाईंना सिस्टर म्हणे. सख्खा भाऊ मात्र त्यांना अजून छकुली म्हणायचा, त्याला कोण काय करणार.

"हे बघ छकुली," तिच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ऐसपैस बसत तो म्हणाला, "पहिली गोष्ट म्हणजे घराच्या प्रेमात पडायचं नाही. तुला तिथं राहायचं नाहीये. खिडकीतून झाड दिसतं म्हणून कोणी दोन पैसे जास्त भाडं देत नाही. बसथांबा किती लांब आहे, पाणी किती वाजता जातं, हे विचारतात लोक."

ती वहीत लिहून घेत होती. वही कसली, तो तक्ताच होता. हॉस्पिटलात पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला असतो तसाच, रकाने आखलेला.

"एक घर तीन वेळेला बघायचं. सकाळी, भर दुपारी आणि माणसं कामावरून परत येतात तेव्हा. सकाळी जे शांत असतं ना, तिथं संध्याकाळी खालच्या गाड्यांनी कान किटतात. गेलीस की सगळे नळ एकदम सोडायचे. एकेक सोडलास तर सगळेच शहाण्यासारखे वागतात. एजंट बोलेल ते ऐकून घ्यायचं, वॉचमन बोलेल ते लिहून घ्यायचं. शेजारणीला विचारायचं, आधीचा भाडेकरू का गेला? आणि भाडं धरताना वर्षाचे बारा महिने धरायचे नाहीत, अकराच धर. एक जातो, दुसरा येतो, मध्ये घर रिकामं राहतं. दुरुस्ती तुझ्या गळ्यात, ती वेगळीच."

"कागद?"

"वकिलाने बघितल्याशिवाय इसाराचा चेकसुद्धा फाडायचा नाही. आणि शेवटचं," त्याने चहाचा घोट घेतला, जरा घाईनेच, "रंगावर जायचं नाही. रंग काय, कोणीही लावतो. रंगाऱ्याचा हात जिथं पोचत नाही तिथं बघायचं. सिंकच्या खाली, माळ्याच्या आत, दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवर. घर तिथं खरं बोलतं."

सल्ला शंभर नंबरी होता, त्यात खोट काढायला जागा नाही. देणाऱ्यालाही देताना भारी वाटत होतं. सल्ला देताना कोणाच्या खिशाला कात्री लागत नाही, म्हणून माणूस त्यात एवढा सढळ असतो.

पुढच्या चार महिन्यांत तिने अकरा घरं बघितली आणि अकराही नापास केली. एकाचे नळ करंगळीएवढे वाहत होते. एकाच्या शेजारणीने सांगितलं की मालक दर सहा महिन्यांनी येऊन भाडेकरूशी भांडतो, म्हणून कोणी टिकत नाही. एका घराच्या सिंकखाली तिने डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढून जिन्याकडे चालायला लागली. एजंट लोक तिला घाबरायला लागले होते. रात्रपाळीच्या शिकाऊ नर्सांना ती जशी वागवत असेल तशीच यांनाही वागवायची.

मग बारावं घर आलं. तिने भावाला फोन केला तेव्हा तिचा आवाज कधी नव्हे तो चढलेला होता.

"दादा, मिळालं बघ! शाळेच्या मागे ती राखाडी इमारत आहे ना, समोर लाँड्री आहे, तिथं. तिसरा मजला. एक सोडून सगळे रकाने भरले, एकाही ठिकाणी लाल शाई नाही!"

"तिसऱ्यावर कुठला?" रंगाऱ्याने विचारलं.

"जिन्याच्या उजव्या हाताचा."

"बघू," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

उजव्या हाताचा. सव्वा वर्षापूर्वी आठ दिवस तो त्या घरात होता. झोपायच्या खोलीची बाथरूमकडची भिंत, तिच्यावर चादरीएवढा डाग, वरपासून खालपर्यंत फुगलेले पोपडे. हात लावला तर थंडगार. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी झिरपत होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. त्याने मालकाला सांगितलंही होतं की आधी वरच्यांचं काम करून घ्या, मग रंगाचं बघू. मालक म्हणाला, वरचा माणूस ऐकत नाही आणि मला घर विकायचंय, तुम्ही दिसायला चांगलं करून द्या. किती दिवस टिकेल? रंगारी म्हणाला होता, दोन वर्षं कुठं जात नाही.

आणि दिलं करून. पोपडे खरवडले, ओल दाबायचं औषध मारलं, पुट्टी भरली, तेलरंगाचा एक हात दिला आणि त्यावर फिक्या सायीच्या रंगाचे दोन हात. भिंत अशी झाली की नवरीने गाल लावावा. मजुरी घेतली, डबे उचलले, चालू पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण रंगकामाच्या धंद्यात कोणाला शिकवावी लागत नाही.

जाताना मात्र त्याने नेहमीचं एक काम केलं होतं. दाराच्या चौकटीची वरची कड, छताकडे तोंड करून असते ती, कोणी रंगवत नाही आणि कोणी बघत नाही. तिथं तो पेन्सिलीने रंगाचं मिश्रण लिहून ठेवायचा, कुठला रंग किती भाग, म्हणजे पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर शेड चुकायला नको. शेजारी एक खूण करायचा. भिंत कोरडी असेल तर गोल. भिंत ओली असून वरून झाकली असेल तर फुली. गोलवाल्या घरून तक्रार आली तर तो मुकाट्याने जाऊन फुकट दुरुस्त करून द्यायचा. फुलीवाल्या घराचा फोन तो उचलायचाच नाही. ही भाषा त्याला आणि त्याच्या जोडीदाराला ठाऊक होती. जोडीदार वारला, आता त्याला एकट्याला.

म्हणजे बघा, सांगायला एक वाक्य पुरलं असतं. छकुली, ती भिंत ओली आहे. पण ते वाक्य सुरू झालं की पुढचं वाक्य आलंच, तुला कसं ठाऊक? तिथं गाडी अडत होती.

कारण ही दोघं भावंडं कशी वाढली ते तिने गावभर सांगून ठेवलं होतं. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. शाळा सोडून त्याने ब्रश हातात धरला, म्हणून ती नर्सिंगला जाऊ शकली. निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा, मोठमोठे डॉक्टर बसलेले असताना, तिने त्याला पहिल्या रांगेतून उभं केलं होतं आणि म्हणाली होती, मी या हातांवर शिकले. तो तेव्हा हात मागे लपवून उभा राहिला होता. लोकांना वाटलं, लाजला.

तेव्हा त्याने दुसरीच वाट धरली. बहिणीने आपणहून नाही म्हणावं, सुंठीवाचून खोकला जावा.

"तिसरा मजला म्हणजे लिफ्ट बंद पडली की संपलं," दुसऱ्या दिवशी तो फोनवर म्हणाला.

"वॉचमनला विचारलंय. वर्षात दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा त्याच दिवशी सुरू झाली. तूच म्हणालास ना वॉचमनचं लिहून घे."

"समोर लाँड्री आहे. वाफ, वास, गडबड."

"तिन्ही वेळेला जाऊन आले. खिडकी लावली की आवाज येत नाही. उलट एकट्या नोकरी करणाऱ्या माणसाला बरंच आहे लाँड्री समोर असलेलं."

"मला तो भाग काही आवडत नाही."

"तुला तिथं राहायचं नाहीये दादा," ती हसत म्हणाली. "घराच्या प्रेमात पडायचं नाही, तसं उगाच त्याच्यावर रागवायचंही नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कोणाकडे? एकेक नियम त्याने तिला हौसेने शिकवला होता आणि आता प्रत्येक नियम त्याच्याच अंगावर धावून येत होता. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी तिने सांगितलं की वकिलाने कागद पास केले, आज इसाराचा चेक द्यायचाय, आणि तू बरोबर नसलास तर मी देणार नाही.

घर रिकामंच होतं. दुपारचं ऊन झोपायच्या खोलीत थेट त्या भिंतीवर पडलं होतं आणि भिंत नुसती लखलखत होती. एजंट पोरसवदा होता, कडक इस्त्रीचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. तो लिफ्टपासून एकसारखा बोलत होता. रंगारी दारातच उभा राहिला. आपलं काम ओळखायला त्याला हात लावायची गरज नव्हती. बाकीच्या तीन भिंती आणि ही चौथी यांच्या चकाकीत एवढासा फरक होता. तेलरंगाचा हात खाली असला की तो राहतोच. सामान्य माणसाला कळत नाही.

"सगळं बघून झालं तुमचं, ताई," एजंट म्हणाला. "आता सही तेवढी."

"एक राहिलंय," नर्सबाई म्हणाल्या. "दरवेळी स्टूल नसायचं, म्हणून रकाना कोरा आहे. आज शेजारणीकडून मागून ठेवलंय."

रंगाऱ्याच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्टूल दारापाशी ओढलं, चपला काढल्या, पदर खोचला आणि वर चढल्या. मोबाइलचा दिवा लावला. चौकटीवर सव्वा वर्षाची धूळ होती, ती त्यांनी बोटाने बाजूला सारली.

"अरे!" त्या ओरडल्या. "दादा!"

रंगारी फरशीकडे बघू लागला.

"दादा, हे तुझं अक्षर आहे! हा चारचा आकडा बघ, शेपूट कुठल्या कुठं गेलीय! आणि ही फुली!" त्या स्टुलावर उभ्या राहून हसायला लागल्या. "एक तंगडी लांब. भिंतीवर कोळशाने फुली-गोळा खेळायचो तेव्हाही तू अश्शीच काढायचास आणि आई दोघांना बडवायची. तू रंगवलंयस हे घर?"

"हो," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस? दहा दिवस मला झोप नाही, माहितीये? रोज वाटायचं, काहीतरी राहिलं असेल, काहीतरी दिसत नसेल मला. जन्माची कमाई आहे ती." त्या पुन्हा हसल्या. "आता प्रश्नच मिटला. तुझा हात लागलाय इथं, आणखी काय बघायचं?"

त्यांनी स्टुलावरूनच खांद्यावरच्या पिशवीची चेन उघडली. एजंटाचा चेहरा उजळला. चेक बाहेर काढता काढता त्यांनी सहज विचारलं, "पण ही फुली कशाची रे?"

खोटं त्याच्या जिभेवर तयार होतं. रंगाचे दोन हात झाले की फुली मारतो, असं म्हणायचं होतं. सात शब्दांचं काम, आणि तिने विश्वास ठेवला असता. याच विश्वासाची त्याला भीती वाटली. पोपडे पुढच्या वर्षी आले असते, तोपर्यंत भाडेकरू लहान लेकराला घेऊन त्या भिंतीशी झोपला असता, आणि तिने त्याला फोन केला असता की दादा, बघून जा ना जरा. तो फोन त्याने उचलला असता का? फुलीवाल्या घराचा फोन तो उचलत नव्हता. हे त्याला एकदम कळलं आणि स्वतःचीच किळस आली.

"आधी खाली उतर," तो म्हणाला.

ती उतरली.

"फुली म्हणजे भिंत ओली आहे. वरून पाणी येतंय. मला माहीत होतं, मी झाकली."

"काका, काहीतरीच काय!" एजंट पुढे झाला. "एवढी स्वच्छ भिंत आहे, हात लावून बघा की..."

रंगाऱ्याच्या मागच्या खिशात पुट्टी लावायचा पत्रा कायम असे, काम असो नसो. तो काढून त्याने भिंतीपाशी उकिडवं बसून तळाला, फरशीपासून वीतभर वर, टोक खुपसलं आणि तळहाताएवढा तुकडा खरवडून काढला. रंगाची साय निघाली आणि आतली पुट्टी भिजलेल्या पिठासारखी पत्र्याला चिकटून आली. नर्सबाई वाकल्या. त्यांनी त्या खड्ड्यात दोन बोटं घातली, बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. मग चेक पिशवीत परत ठेवला आणि चेन लावली. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. रोग्यासमोर ओरडायचं नाही ही बत्तीस वर्षांची सवय होती.

"स्टूल शेजारी परत द्या," त्या एजंटाला म्हणाल्या आणि जिन्याने खाली निघाल्या. लिफ्टची वाट बघितली नाही.

बसथांब्यावर बाक होतं. ती एका टोकाला बसली, हा दुसऱ्या टोकाला. मध्ये तिची पिशवी.

"केव्हापासून माहीत होतं?"

"तू पत्ता सांगितलास तेव्हाच कळलं."

"आणि मला लिफ्टचं सांगत बसलास."

एक बस आली, थांबली, गेली. दोघेही उठले नाहीत.

"अशा किती फुल्या असतील दादा?"

"मोजल्या नाहीत."

"त्या घरांत माणसं राहतात."

"हो."

ती समोरच्या लाँड्रीच्या काचेकडे बघत राहिली. आत कोणी चादरी घडी करत होतं, एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. मग तिने विचारलं, "माझी फी भरायचास तू. ते पैसेही असल्याच भिंतींचे का?"

खरं सांगायचं तर रंगाऱ्याने या प्रश्नाची आयुष्यभर वाट बघितली होती.

"काही," तो म्हणाला. "सगळे नाही. पण काही होते."

तिने डोळ्यांना पदर लावला. तो पुढे सरकला नाही. आपल्याला आता तो हक्क नाही, असं त्याला वाटलं. पुढची बस आली तेव्हा तिने नाक पुसलं, पिशवीतून वही काढली आणि चष्मा लावला.

"हे दुखणं बरं होणारं आहे की नाही?"

"काय?"

"भिंतीचं विचारतेय. औषध आहे की नुसती वेदनाशामक गोळी? नीट सांग, लिहून घेते."

त्याने सांगितलं. वरच्यांची बाथरूमची फरशी उचलायला हवी, जुना पाइप बदलायला हवा, खाली पाणी न उतरणारा थर द्यायला हवा. मग ही भिंत विटेपर्यंत खरवडायची आणि उघडी ठेवायची, चार महिने, पाच महिने, सुकेल तेवढे. मध्ये रंगाचा थेंब लावायचा नाही. एवढं केलं तर पुढची वीस वर्षं बघायला नको.

"बरं," ती म्हणाली. "त्या अकरा घरांची मला जी दुखणी दिसली नसतील ती नाहीच दिसली. याचं दुखणं मला माहीत आहे. माहीत नसलेल्या रोगापेक्षा माहीत असलेला बरा. फक्त रोगाची किंमत घराच्या किमतीतून वजा झाली पाहिजे आणि उपचार माझे पैसे जायच्या आधी झाले पाहिजेत."

रंगारी तिच्याकडे बघतच राहिला. पन्नास वर्षं घरात काढलेल्या माणसाला हे एक सुचलं नव्हतं. घरात खोट दिसली की एक तर पळायचं, नाहीतर झाकायची, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मालक आधी उखडला, रंगाऱ्याच्या नावाने फोनवर वाटेल ते बोलला. पण भिंतीला आता खड्डा होता, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याबद्दल काय सांगायचं हे एजंटालाही सुचेना. तीन आठवड्यांनी मालक नरमला. वरच्याशी खर्च अर्धा अर्धा ठरला, किंमत उतरली, आणि करारात वकिलाने लिहून घेतलं की भिंत कोरडी झाल्यावरच व्यवहार पुरा होईल.

वरचं काम सुरू असताना रंगारी रोज जाऊन गवंड्याच्या डोक्यावर उभा राहायचा. कोणी सांगितलं नव्हतं. भिंत त्यानेच खरवडली, विटेपर्यंत. नर्सबाई दर आठवड्याला यायच्या, उघड्या विटांवर पाच ठिकाणी तळहात टेकवायच्या आणि तक्त्यात लिहायच्या. ओली. ओली. ओली. थंड. थंड. भावाशी कामापुरतं बोलायच्या. पूर्वी डब्यात त्याच्यासाठी काहीबाही असायचं, ते आता नसे. त्याने मागितलं नाही. एकदा मात्र म्हणाल्या, "तुझा खोकला कधीपासून आहे?" आणि पुढच्या खेपेला औषधाची बाटली आणून खिडकीत ठेवली. कोणासाठी आहे ते बोलल्या नाहीत.

सहाव्या महिन्यात सलग चार आठवडे तक्त्यात 'कोरडी' लागलं. व्यवहार पुरा झाला. घर तिचं झालं.

रंग त्यानेच दिला. मजुरीचा विषय तिने काढला तेव्हा त्याने नुसती मान हलवली. या वेळी खाली तेलरंग नव्हता, भिंतीला श्वास घेऊ देणारा साधा रंग होता, आणि खरं बघायला गेलं तर आधीच्याइतका काही तो चमकत नव्हता. नवरा-बायको आणि तान्हं मूल असं भाडेकरू कुटुंब दुसऱ्या दिवशी यायचं होतं. डबे बंद करून त्याने स्टूल दारापाशी घेतलं, चढला आणि कानावरची पेन्सिल काढली. जुनी फुली तिथंच होती. त्याने ती पुसली नाही. तिच्या शेजारी नव्या रंगाचं मिश्रण लिहिलं आणि एक गोल काढला.

"झालं," तो म्हणाला.

"खाली उतर."

तो उतरला. ती वर चढली, चष्मा लावून तिने तो गोल नीट बघितला. मग उतरून भिंतीपाशी गेली आणि पाचही ठिकाणी हात टेकवला. त्याच्या शब्दावर ती आता विसंबत नव्हती. ते त्याला लागलं, आणि बरोबरही वाटलं.

"आता पुन्हा चढ," ती म्हणाली. "गोलाखाली तुझं नाव लिही."

"नाव?" त्याला हसू आलं. "तिथं कोण वाचायला जातंय?"

"मी वाचलं ना. गोल आणि फुली तुझी तुलाच कळते. उद्या त्या भाडेकरू पोरीने विचारलं की भिंत कोणी केली, तर मला सांगता आलं पाहिजे. आणि भिंतीला काही झालं तर तिला फोन कोणाला करायचा तेही कळलं पाहिजे."

पन्नास वर्षांत हजार घरं झाली असतील. एकाही घरात त्याने आपलं नाव लिहिलं नव्हतं. तो स्टुलावर चढला. पेन्सिलीला तिथल्या तिथं पत्र्याने टोक केलं. सातवीत वह्यांवर लिहायचा तसं त्याने लिहिलं, आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं आणि ठळक. त्याला वेळ लागला. तिने घाई केली नाही.

लिहून झाल्यावर खाली उतरताना त्याला पायरी दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं. पाय चाचपडत टेकला. तिने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.